उजव्या टाचेचा इलाज

माझ्या बापाची उजवी टाच मी अकरा महिने बरी होऊ दिली नाही, आणि ते जाणूनबुजून केलं. पायांच्या दवाखान्यात नऊ वर्षं घालवलेल्या बाईला टाच बरी कशी करायची हे कळतं, तसं ती बरी होऊ द्यायची नसेल तर काय करायचं हेही कळतं. ऐकून कुणाला धक्का बसला तर बसू दे. त्याने आधी माझ्या आईच्या बरगड्यांचा एक्स-रे बघावा आणि मग माझ्याशी बोलावं.

बाप शीतगृहावर मुकादम होता. गोठवलेल्या मासळीच्या पेट्या ट्रकमधून उतरवून घ्यायच्या, आत रचायच्या, मागणी आली की परत चढवायच्या, आणि दिवसभर तेरा हमालांच्या अंगावर खेकसायचं, हे त्याचं काम. सगळे त्याला मुकादमच म्हणत, शेजारीपाजारीसुद्धा. त्याच्या कामावरच्या बुटांना पुढे लोखंडी टोपी होती. पेटी पायावर पडली तर बोटं वाचावीत म्हणून ती बसवलेली असते. बापाने ती आईसाठी वापरली. जेवण गार झालं, दार उघडायला उशीर झाला, हमाल उलट बोलला, ट्रक वेळेवर आला नाही, कुठलंही कारण चालायचं. घरी आल्यावर तो दाराशी बूट काढायला वाकला की आमच्या जिवात जीव यायचा. बुटांसकट आत आला, तर आई त्याच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभी राहायची. हाताने तो फारसा मारत नसे. मारून मारून हात दुखतात, असं त्यानेच एकदा सांगितलं होतं, तेही तक्रारीच्या सुरात.

आईच्या बरगड्या दोनदा मोडल्या. दोन्ही वेळा डाव्या बाजूच्या, कारण तो उजव्या पायाचा. माझं मनगट मी पंधरा वर्षांची असताना मोडलं, मध्ये हात घातला म्हणून. आई हॉस्पिटलात दर वेळी "पडले" म्हणून सांगायची. ती इतक्या वेळा पडली की शेवटी तिथल्या नर्सने तिला जिन्याला कठडा बसवून घ्यायचा सल्ला दिला. आमचं घर तळमजल्यावर होतं.

मी बत्तीस वर्षांची झाले तरी त्या घरात राहत होते, ते आईमुळेच. "चल, मावशीकडे जाऊ," असं मी वर्षातून चार वेळा तरी म्हणायचे. मावशी, म्हणजे आईची मोठी बहीण, बसने दोन तासांवर एकटी राहायची आणि तिची एक खोली रिकामी पडून होती. आई म्हणायची, "तू जा बाई. मी आता या वयात कुठे जाऊ?" तिला एकटीला टाकून जायची माझी छाती होत नव्हती. मी नसले तर एखाद्या दिवशी तो तिचा जीवच घेईल, असं मला खरोखर वाटायचं.

मग एका सकाळी बापाने बिछान्यातून उठून पाय जमिनीला टेकवला आणि असा ओरडला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

दुखणं अगदी साधं होतं. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायाखाली एक जाड पट्टा असतो. सिमेंटच्या फरशीवर रोज आठ-दहा तास उभं राहिलं, पोट सुटलं, बुटाचा तळ फळीसारखा ताठ असला, पोटऱ्या आखडल्या, की तो पट्टा टाचेला जिथे चिकटतो तिथे दुखावतो, थोडा थोडा फाटतो. झोपेत तो आवळून बसतो, आणि सकाळचं पहिलं पाऊल खिळ्यावर पडल्यासारखं लागतं. थोडं चाललं की सैल होतं, दिवस कलला की परत ठणकतं. आमच्याकडे रोज सहा-सात जण हेच गाऱ्हाणं घेऊन यायचे. कुणाला भोवरी, कुणाचं नख मांसात रुतलेलं, कुणाचा अंगठा युरिक ॲसिडने टोमॅटोसारखा सुजलेला, कुणाला साखरेमुळे पायात काचेचा तुकडा शिरला तरी पत्ता नाही. पण टाचदुखीवाले सगळ्यांत जास्त.

त्या सकाळपासून तीन आठवडे बापाने आईला लाथ मारली नाही. त्याला मारताच येत नव्हती. उजव्याने मारायची तर हिसका टाचेला बसायचा, डाव्याने मारायची तर सगळा भार दुखऱ्या टाचेवर यायचा. एकदा त्याने डावा पाय उचलून बघितला आणि कळवळून मटकन खाली बसला. मी भिंतीकडे तोंड करून हसून घेतलं.

त्याच्या खुर्चीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत सात पावलं होती. आता तो तिसऱ्या पावलाला थांबायचा. उजेड चांगला येतो असं सांगून मी खुर्ची खिडकीपाशी सरकवली, तेव्हा अकरा पावलं झाली. तो उठला की बूट फरशीवर घासत यायचा, खर्र, मग थांबा, मग परत खर्र. तो आवाज आला की आई मागच्या दाराने शेजारणीकडे सटकायची. तिच्या दंडावरचे डाग हिरवे झाले, पिवळे झाले, आणि गेले. एका सुट्टीच्या दिवशी ती भांडी घासताना चक्क गुणगुणत होती. मी दारात थांबून ऐकत राहिले आणि मला रडू फुटलं.

चौथ्या आठवड्यात बापाने मला हाक मारली.

"ए पोरी. तू पायांच्या दवाखान्यातच आहेस ना?"

"हो, बाबा."

"मग बापाचा पाय दिसत नाही तुला? की परक्यांचेच चोळत बसायचे?"

मी त्याच्यासमोर खाली बसले. त्याने पाय माझ्या मांडीवर टाकला. मी अंगठ्याने टाचेच्या आतल्या बाजूला, किंचित पुढे, दाबून बघितलं. तो किंचाळला आणि दुसऱ्या पायाने त्याने मला छातीवर ढकललं. माझं डोकं फरशीवर आपटलं. छताकडे बघत उताणी पडले असतानाच माझं ठरलं.

या दुखण्याचे उपाय शेंबडं पोरही पाठ करेल. बिछान्यातून उठायच्या आधी चवड्याला टॉवेल अडकवून पोटरी आणि तळवा ताणायचा. बाटलीत पाणी गोठवून ती तळव्याखाली दहा मिनिटं फिरवायची. अनवाणी फरशीवर चालायचं नाही. बुटात मऊ गादी घालायची आणि दुखऱ्या जागी तिला खळगा ठेवायचा, म्हणजे भार बाजूने जातो. उभं राहणं कमी करायचं, वजन कमी करायचं. बहुतेकांची टाच अशाने काही महिन्यांत बरी होते.

मी बापाला सांगितलं, "तळव्याला गारवा पाहिजे, बाबा. उठल्या उठल्या फरशीवर अनवाणी शंभर पावलं चालायचं. शिरा ताणायच्या नाहीत, तुटतील. बूट बदलायचे नाहीत, पायाला सवय असते त्यांची."

आणि बुटात घालायची गादी मी त्याला स्वतः करून दिली. दवाखान्यातल्या कात्रणांतून कॉर्कचा तुकडा आणला, आणि जिथे खळगा हवा बरोबर तिथेच तीन मिलिमीटरचा उंचवटा ठेवला. वरून मऊ चामडं चिकटवलं. हात फिरवला तर काही लागत नव्हतं. अंगाचा भार पडला की लागायचं.

"वा, मऊ आहे," बाप म्हणाला.

"सुरुवातीला जरा दुखेल हं, बाबा. पाय रुळला की बरं वाटेल."

खोटं कशाला बोलू, मला त्यात सुख मिळत होतं. सकाळी त्याची शंभर पावलं मी पांघरुणात पडून मोजायचे. प्रत्येक पावलाला तो शिवी हासडायचा आणि मी मनात म्हणायचे, ही पहिल्या बरगडीची, ही दुसरीची, ही माझ्या मनगटाची. दर दोन महिन्यांनी गादी दबून सपाट व्हायची, की मी नवी करायचे. आता तो लाथेऐवजी हाताला येईल ते फेकायचा. पेट्या ओढायचा लोखंडी आकडा त्याने एकदा बसल्या जागेवरून भिरकावला, तो स्वयंपाकघराच्या चौकटीत आईच्या कानाजवळ रुतला. काढायला मला दोन्ही हात लावावे लागले. तरी मी म्हणायचे, फेकलेलं चुकवता येतं. अकरा महिन्यांत आईचं एकही हाड मोडलं नव्हतं आणि मी स्वतःवर खूश होते.

हे बिंग फुटलं ते शीतगृहावरच्या एका हमालामुळे. मुकादम लंगडतो बघून तो बिचारा भल्यासाठीच बोलला, "साहेब, माझ्या बायकोची टाच तर तुमच्या मुलीच्या दवाखान्यात दोन महिन्यांत बरी झाली." मंगळवारी पहाटेची पाळी संपवून, दुपारी तीन वाजता, बाप खुरडत आमच्या दवाखान्यात हजर झाला. मी हातात ट्रे घेऊन उभी होते. ट्रे खाली पडला नाही एवढंच.

आमच्या डॉक्टरबाईंची एक पद्धत होती. पाय बघायच्या आधी बूट टेबलावर घ्यायचे. "पेशंट काय सांगतो ते मग ऐकू," असं त्या म्हणायच्या. त्यांनी बापाचा उजवा बूट उचलला आणि लोखंडी टोपीवरून बोट फिरवलं. चामडं फाटून लोखंड उघडं पडलं होतं आणि ते पुढून चेपलं होतं.

"याने काय लाथाडता?"

"पेट्या सरकवतो."

"पेटी सरकवताना टोपीची खालची कड घासते. ही समोरून चेपली आहे."

"कामच तसं आहे आमचं," बाप म्हणाला.

मग त्यांनी बुटातली गादी बाहेर काढली आणि उजेडात धरली. दुसरी एखादी शहाणी बाई असती तर तिने ती ओबडधोबड कापली असती, म्हणजे बाजारात घेतली म्हणून सांगता आलं असतं. मी मात्र तिची कड तिरकी तासली होती, चामडं आतून दुमडून घेतलं होतं, टाचेमागे दोन आडवे टाके घातले होते. तसे टाके त्या दवाखान्यात फक्त मी घालायचे. घाणेरडं काम मी केलं, पण घाणेरडं दिसेल असं मला कापताच आलं नाही. डॉक्टरबाईंनी उंचवट्यावर अंगठा दाबला, टाके बघितले आणि मला आतल्या खोलीत बोलावलं.

"हे तुझं काम."

"हो."

"उंचवटा चुकून राहिला?"

"नाही." मग मी भडाभडा सगळं सांगितलं. बरगड्या, मनगट, आकडा. "त्याचा पाय दुखतो तोवर माझी आई वाचते, बाई. तुम्ही त्याला बरा करू नका. पाया पडते तुमच्या."

त्या म्हणाल्या, "दुखणारा माणूस कुणाला त्रास देत नाही, असं तुला वाटतं? नऊ वर्षं इथे काय बघितलंस तू?" मग त्या स्टुलावर बसल्या. "माझ्या खुर्चीवर आलेला पाय मी बरा करणार. कुणाचा आहे ते बघत बसणार नाही. आज टाचेत इंजेक्शन देते आणि मऊ बूट देते. दोन-तीन दिवसांत दुखणं पळेल. पण पट्टा अकरा महिने झिजलाय, त्यात ताकद लगेच येणार नाही. आठ दिवसांच्या आत जोर लावला तर तुटूही शकतो, हे मी त्याला बजावून सांगते. तो ऐकेल?"

"नाही."

"मग तुझ्या हातात दोन-तीन दिवस आहेत. आईला तिथून काढ. पोलिसांत जायचं असेल तर मी सोबत येते. आणि माझ्या टेबलावर परत असं काही कापलंस तर या दवाखान्याचं दार तुला बंद."

इंजेक्शन देताना बापाचा घोटा मीच धरून ठेवला. सुई टाचेत शिरली तसा तो गुरासारखा ओरडला. या खेपेला मला काहीच सुख वाटलं नाही.

घरी येऊन बाप झोपला. मी स्वयंपाकघरात आईला गाठलं. ती भाजी चिरत होती.

"आई, आपल्याला जायचंय. तो बरा होणार आहे आता."

"होऊ दे की. अकरा महिने हाल झाले त्यांचे."

"ते हाल मी केले." मी तिला गादीचं सांगितलं, शंभर पावलांचं सांगितलं. "अकरा महिने मी त्याचा पाय दुखता ठेवला. तुझ्यासाठी."

आईने सुरी खाली ठेवली. "म्हणून दुखत होता होय?"

मग तिने अंबाडा सोडला आणि मान खाली घातली. डोक्याच्या मागच्या बाजूला तळहाताएवढ्या जागेत एकही केस नव्हता. तिथे खपल्या होत्या, काही जुन्या, काही ओल्या.

"ते दोनला घरी येतात, तू सातला येतेस," ती म्हणाली. "आले की पाय दाबायला बोलवायचे. नाही कसं म्हणणार? माणसाचा पाय दुखतोय. खाली बसले की पाय मांडीवर द्यायचे, आणि कळ आली की माझे केस धरायचे. जेवढी कळ मोठी, तेवढं डोकं फरशीवर आपटायचे. आधी लाथ मारून मोकळे तरी व्हायचे गं. दोन मिनिटांत संपायचं. हे तासभर चालायचं."

मी कामाच्या टेबलावर बसून ज्या कडा तासत होते, त्यांचा हिशेब आईच्या डोक्यावर चुकता होत होता. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू खूश होतीस," आई म्हणाली. "किती वर्षांनी घरात हसत होतीस."

तिला जायला तयार करायला मला दोन दिवस लागले. मावशी फोनवर म्हणाली, "विचारतेस काय? घेऊन ये तिला." शुक्रवारी सकाळी बाप उठला, पाय टेकवला, आणि काहीच दुखलं नाही. तो खोलीभर फिरला. एका पायावर उभा राहून बघितलं. "बघा, याला म्हणतात डॉक्टर," असं मला ऐकवून, आठ दिवस घरी बसायचं सोडून, दुपारी तो शीतगृहावर आपला बरा झालेला पाय मिरवायला निघून गेला. मी रजा टाकली होती. आम्ही लगेच पिशवी काढली.

आई आतल्या खोलीत कपडे भरत होती. मी बाहेर मावशीशी फोनवर बोलत होते. "चारच्या बसने निघतोय," मी म्हणाले. त्या खर्र आवाजावर आम्ही दोघी अकरा महिने जगलो होतो. तो आला नाही, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. मऊ बुटांना आवाज नव्हता आणि बरा झालेला पाय घासत नव्हता. फोन ठेवून वळले तर बाप माझ्यामागे उभा होता, हातात आकडा.

"कुठल्या चारच्या बसने?"

मी तोंड उघडायच्या आत त्याने आकड्याची मूठ माझ्या गालावर हाणली. एक दात जिभेवर आला. मी टेबलाला धडकून खाली गेले आणि तो माझ्या अंगावरून आतल्या खोलीत घुसला. आईने पिशवी छातीशी धरली होती. आकडा वरून खाली आला, पिशवी फाडून तिच्या खांद्यात शिरला, आणि त्याने तो ओढून बाहेर काढला. आई आवाज न करता गुडघ्यांवर बसली. मी उठून दारात पोचले तेव्हा तो आकडा टाकून दोन पावलं मागे सरकला होता. ते कशासाठी हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. त्याने उजवा पाय मागे नेला, चवड्यावर सगळा जोर दिला, आणि फट्कन आवाज आला, ओली सुतळी तुटावी तसा.

तो आडवा कोसळला. हनुवटी पलंगाच्या लोखंडी कडेवर आपटली. तळपाय दोन्ही हातांत धरून तो लोळायला लागला.

आम्ही तेव्हाच निघू शकलो असतो. त्याला उठता येणार नव्हतं, दार उघडं होतं, आईच्या खांद्याला पट्टी बांधून मी तिला थेट हॉस्पिटलात नेऊ शकले असते. तसं मी केलं नाही. मी त्याच्याजवळ बसले आणि पेशंटचा सोडावा तसा त्याच्या उजव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला, मोजा काढला. तळव्याखाली जांभळं रक्त साकळायला लागलं होतं.

"पोरी," बाप म्हणाला, "डॉक्टरबाईंना बोलव."

मी उभी राहिले आणि माझी टाच त्याच्या टाचेवर ठेवली, आतल्या बाजूला, किंचित पुढे, आणि सगळा भार दिला. पायात सव्वीस हाडं असतात. मला सगळी नावानिशी ठाऊक आहेत, कुठलं किती जोराने मोडतं हेही. मी आकडा उचलला, उलटा धरला आणि मुठीने बोटांच्या मागची लांब हाडं मोडायला घेतली, करंगळीकडून सुरुवात करून. पहिल्याला तो किंचाळला. दुसऱ्याला त्याने "आई गं" म्हटलं. तिसऱ्यानंतर तो नुसता हुंदके देत होता. मी थांबले नाही. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"बस," कुणीतरी म्हणत होतं. "बस करा. चुकलं माझं. परत नाही होणार असं. चुकलं, चुकलं."

मला वाटलं बापच बोलतोय. मी वळून बघितलं. आई कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसली होती, दोन्ही हात डोक्यावर, खांद्यातून रक्त वाहत होतं. हेच शब्द, याच क्रमाने, मी लहानपणापासून तिच्या तोंडून ऐकत आले होते. ती माझ्याकडे बघून बोलत होती. "आई, मी आहे," असं म्हणत मी तिच्याकडे गेले. आकडा माझ्या हातातच होता. ती आणखी आवळून बसली आणि तिने डोळे मिटून घेतले.

हॉस्पिटलात बापाला डॉक्टरांनी विचारलं, हे कसं झालं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "पेटी पडली." पाच हाडं मोडली होती आणि तळव्याचा पट्टा तुटला होता. आमच्या डॉक्टरबाई बघायला आल्या, एक्स-रे उजेडाकडे धरून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "पेटी अशी एकेक हाड निवडून पडत नाही. सोमवारपासून येऊ नकोस." आईच्या खांद्याला नऊ टाके पडले. संध्याकाळी मावशी तिला न्यायला आली. मी गाडीचं दार धरून आत बसायला वाकले, तेव्हा आई मावशीला हळूच म्हणाली, "हिला नको." मी ऐकलं आणि दार लावलं.

आता बापाचं सगळं मीच बघते, दुसरं कोण बघणार? पट्ट्या बदलते, बोटं हलवायचे व्यायाम करून घेते, गोठवलेली बाटली देते, मऊ गादी घालते, खळगा बरोबर जागी ठेवते. त्या पायाला याहून चांगला इलाज कुठे मिळणार नाही. मी खोलीत आले की तो बोलायचं थांबतो.

तीन महिन्यांनी मी मावशीकडे गेले. दार आईनेच उघडलं, पण अर्धवट, आणि हात कडीवरून काढला नाही. तिचे केस वाढायला लागले होते. गाल भरले होते. माझा जीव नुसता तिला मिठी मारायला धावत होता.

"ते कसे आहेत?" तिने विचारलं.

"काठी घेऊन चालतो थोडा."

"मारतात का तुला?"

"तो? त्याला धड उभं राहता येत नाही, आई."

"आणि तू?"

मला नाही म्हणायचं होतं. बसमध्ये दोन तास मी तेच घोकत आले होते.

"काल एकदाच," मी म्हणाले. "पण त्यानेच आधी मला..."

आईने मान डोलावली, अगदी समजुतीने, आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकली. मी पायरीवरच उभी होते, त्यामुळे पुढचं मला स्वच्छ ऐकू आलं.

"कोण होतं गं?" मावशीने आतून विचारलं.

"त्यांची मुलगी," आई म्हणाली.